पोस्टरवरची मुलगी

३ फेब्रुवारी

आला फेब्रुवारी. आम्हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणजे माझ्याच डोक्यावर. शाळेत इतिहास शिकवणारे आम्ही चौघं, पण काळी मी एकटीच, म्हणून प्राचार्य ब्रॅडक म्हणतात, "मिस पेटवे, हे तुमचंच ना?" कॅन्टीनमध्ये काळ्यांचं आवडतं म्हणून खास तळलेलं चिकन ठेवणार आहेत म्हणे. ते तर दर गुरुवारी असतंच!

६ फेब्रुवारी

महिनाअखेरीला शाळेत मम्माचा सत्कार आहे, त्या कार्यक्रमाचं पोस्टर छापून आलं. मला न विचारता. पासष्ट सालचा फोटो — तेव्हा फक्त गोऱ्यांच्या असलेल्या या शाळेत पहिल्यांदा शिरणारी काळी मुलगी, मागे ओरडणारा जमाव. खाली नाव माझ्या आईचं, व्हर्लीन.

घरी मम्माला दाखवलं. चष्मा लावून बघत राहिली.

"ही मी नाही. ही ओडेसा."

कोण ओडेसा?

"आम्ही दोघी बरोबरच गेलो होतो. तिच्या बापाला त्यापायी गिरणीतून काढलं. नाताळच्या आत तिची शाळा सुटली. मी टिकले, म्हणून नाव माझं."

याच गावात वाढले मी. आणि हे मला पोस्टरवरून कळतंय.

७ फेब्रुवारी

ब्रॅडकना सांगितलं. "दोघी सारख्याच दिसतात हो. आणि आता छापून झालंय." सारख्या! मम्मा सांगते, ओडेसा तिच्यापेक्षा वीतभर उंच. मी म्हटलं, मग आई येणार नाही. मीही नाही.

पुन्हा छापताहेत. तोंड वाकडं करून.

१० फेब्रुवारी

मम्माला घेऊन नदीपलीकडे मिस ओडेसांकडे गेले. दारातच — "व्हर्लीन, किती म्हातारी झालीस गं."

"तुझ्या घरात आरसा नाही वाटतं?"

मग मी कार्यक्रमाचं काढलं, तर मिस ओडेसा म्हणाल्या, "टाळ्या घ्यायला मी येत नाही."

झालं. एवढा आटापिटा करून.

२८ फेब्रुवारी

कार्यक्रमात शाळेच्या बँडचं वाजवणं लांबलं. आमच्या वाट्याला उरलासुरला वेळ. पण मिस ओडेसा आल्या. मम्मानेच आणलं. कसं, ते सांगत नाही.

ब्रॅडकनी मानपत्र पुढे केलं. मिस ओडेसांनी हात मागेच ठेवले. "हे भिंतीला टांगून काय करू? माझी शाळा राहिलीय."

मुलं हसली. ब्रॅडकही हसले. मला वाटलं, चला, थट्टेवर निभावलं.

३ मार्च

माझ्या पहिल्या तासाला मिस ओडेसा वर्गात येऊन बसल्या. वही-पेन घेऊन, पुढच्या बाकावर.

ब्रॅडक धावत आले. "अहो बाई, कार्यक्रम संपला."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आज आले."