स्प्रॉकेटच्या ड्रॉइंगमधला पहिला बदल

गारखेडा, औरंगाबाद
रविवार, १७ एप्रिल २०१६

प्रिय सम्यकभाऊजी,

सप्रेम जयभीम. इथं आई आणि मी दोघी ठीक आहोत. पुण्यात तुम्ही वेळेवर जेवत असाल असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं की तुम्ही "व्हय व्हय" करून थेट सायकलच्या चेनवर येता. म्हणूनच हे पत्र पार्सलमध्ये सगळ्यात वर ठेवलंय. आधी पत्र वाचा, मग खालचा डबा उघडा. तुम्ही नेमकं उलटं करणार हे माहीत आहे, तरी लिहिते.

जयंतीला तुमची वाट बघितली. यंदाची सव्वाशेवी, त्यामुळे पाण्याचे हाल असूनही गल्लीनं काही कमी केलं नाही. मंडळाच्या पोरांनी टँकरवाल्याला हातापाया पडून बोलावलं आणि पिंपं भरून घेतली. आईंनी तुमच्या वाटची खीर फ्रिजमध्ये ठेवली होती. परवा म्हणाल्या, "त्यो काय आता येत नाय," आणि चमचा घेऊन स्वतःच संपवली. वर मला सांगितलं की साखर कमी होती.

नळाला पाणी कधी येईल ते आता कुणीच सांगत नाही. घरात ड्रमच ड्रम झालेत, पण ड्रमवर फडकं बांधायला आई एकदाही चुकत नाहीत. २०१२ च्या दुष्काळात असंच पाणी साठवलं होतं, त्यात डास झाले, आणि तुमचे दादा त्या तापातून उठले नाहीत. तेव्हापासून उघडा ड्रम दिसला की आई शेजाऱ्यांच्या घरात शिरूनसुद्धा झाकून येतात. शेजारच्या चंपाबाईंशी त्यावरून भांडण झालंय. भांडण चालू आहे, झाकणंही चालू आहेत.

बायपासच्या पलीकडचे तुमचे दगड गेले. तुम्ही शाळेपासून जिथं सायकलवर उड्या मारायचा तिथं आता एक इमारत उभी राहतेय, तळमजल्यावर दुकानं काढणार म्हणे. प्यायला पाणी नाही आणि फ्लॅट मात्र विकले जातायत. आईंनी रिक्षातून ते बघितलं आणि म्हणाल्या, "आता आला तरी पोरगं उड्या कुठं मारंल?" बोलल्या मजेनं, पण चेहरा पडला होता.

चितेगावला वर्कशॉपचं बरं चाललंय म्हणायचं. पाणीकपातीमुळं मशीन थंड ठेवायच्या कुलंटच्या तेलात टँकरचं पाणी मिसळावं लागतं. ते इतकं जड आहे की तेल आणि पाणी दोन दिवसांत फाटतं, नासलेल्या दुधासारखं, आणि वास तर विचारूच नका. काकासाहेब मालक असूनही बिचारे नाकाला रुमाल लावून फिरतात. पण मन मोठं आहे त्यांचं. दादांच्या जागी मला घेतलं ते घेतलं, अजूनही उरलेल्या ॲल्युमिनियमचे तुकडे माझ्यासाठी बाजूला ठेवतात आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरू देतात. "तुमच्या दिराच्या त्या बिनसीटच्या सायकलीचं काय?" असं अधूनमधून विचारतात.

बिनसीटच्या सायकलीचं सगळ्यांनाच नवल. शिवशंकर आहेत ना, कंपनीला लागून असलेल्या रंगाच्या शेडमध्ये ॲनोडायझिंग करतात, ॲल्युमिनियमवर रंग चढवतात ते, त्यांनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. मी त्यांना तुमचा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, बसायचंच नसतं, तर सीट कशाला? दगडावरून दगडावर जायचं, पाय जमिनीला लागला की गुण गेले. म्हणून एकेक ग्रॅम कमी करायचा, आणि पेडल मारलं की त्याच क्षणी चाक फिरलं पाहिजे. साध्या सायकलचं फ्रीव्हील मागच्या चाकात असतं, हिचं पुढं पेडलपाशी, तेही सांगितलं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. म्हणाले, आमच्या देवगाव रंगारीत बकऱ्या अशाच चढतात, त्यांनाही सीट नसतं. मला इतकं हसू आलं की काकासाहेब केबिनमधून बाहेर आले.

आता मूळ गोष्ट. डब्यातलं पेडलपाशी बसणारं पुढचं दातेरी स्प्रॉकेट तुम्हाला ओळखू येणार नाही. ते मी बदललंय.

दादांनी त्याचं ड्रॉइंग काढलं तेव्हा तुम्ही रुंद चेन वापरायचा. दातांची जाडी त्यांनी तिला धरून ठेवली होती. ते गेले आणि वर्षभरात तुम्ही हलकी, अरुंद चेन आणलीत. जाड दात तिच्यात बसेनात. भाऊजी, कुठल्याही वर्कशॉपमधला माणूस अशा वेळी काय करेल? ड्रॉइंगमधला एक आकडा बदलेल. आपण काय केलं? मी त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे जाडच स्प्रॉकेट कापत राहिले. घरी आणून आईंच्या हातात देत राहिले. आणि आई दाराशी बसून, मांडीवर फडकं टाकून, एकेक दात कानशीनं घासून बारीक करत राहिल्या. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन, प्रोग्राम मीच लिहिते, मशीनवर एका फेरीत होणारं काम. पण त्या कागदाला हात लावायचं माझ्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि मी येऊ दिलं नाही.

तुम्हीही बोलला नाहीत. चेन एखाद्या दातापाशी अडते, एवढंच कळवायचा. मागच्या स्पर्धेत ऐन दगडाच्या टोकावर चेन अडखळली आणि तुमचा पाय खाली आला. त्यावर तुम्ही काय केलं? नवी चेन घेतली! हातानं घासलेले दात एकसारखे कसे असतील, हे तुमच्यासारख्याला कळत नव्हतं असं नाही. तेव्हा एकट्या मला हसू नका, आपण तिघंही तसलेच.

गेल्या महिन्यात मी नवा तुकडा आणला. आईंनी चष्मा लावला, दोन दात घासले आणि कानस खाली ठेवली.

"संध्या, हे कागदावरच बारीक व्हत नाय का गं?"

मी म्हटलं, "होतं की."

"मंग करत का नाय?"

"यांचं ड्रॉइंग आहे आई."

"त्याचं हाय म्हून काय? त्यो असता तर कवाच केलं असतं त्यानं. माझ्या बोटाची सालं निघाली घासू घासू."

मी म्हटलं, "मला वाटायचं, तुम्हाला तेवढंच बरं वाटतं."

"अन् मला वाटायचं, तुला बरं वाटतं. म्हून गप घासायले."

मग आई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. मीही रडले. चहा दोन वेळा उकळून आटला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंग उघडलं. खाली कोपऱ्यात चौकट असते बघा, बदल क्रमांक, कुणी केला, कधी केला. ती इतकी वर्षं कोरी होती. तिथं "बदल १, संध्या" असं लिहून दोनदा खोडलं, खोटं कशाला सांगू. पण एकदा लिहिल्यावर मात्र मी थांबले नाही. दात अरुंद चेनच्या मापाचे केले. मधलं अंग कोरून खिडक्या पाडल्या. पहिल्या तुकड्यात खिडक्यांचे कोपरे टोकदार राहिले होते, त्यावर वजन टांगलं तर कोपऱ्यातून केसाएवढा तडा गेला. म्हणून सगळे कोपरे गोल केले आणि पुन्हा टांगलं. दादा या कामाला पाण्यानं भरलेला ड्रम टांगायचे. यंदा पाणी कोण टांगू देईल? शिवशंकरांनी मशीनखालचा लोखंडी बुरादा ड्रममध्ये भरून दिला, आणि ड्रम दिवसभर लटकत ठेवला. या वेळी काही झालं नाही.

आधीच्यापेक्षा एक तृतीयांश वजन कमी झालंय. मागचं छोटं चक्र मात्र स्टीलचंच ठेवलंय. त्याला दात थोडे, आणि सगळी ओढ त्यांच्यावरच येते. तिथं हलकेपणाचा हट्ट धरू नका. चेन ताणणारा तुकडाही नवा आहे. पहिला आठवडा मोठ्या उड्या नकोत, रोज सराव झाला की खिडक्यांचे कोपरे बोटानं आणि उजेडात धरून बघा. काळा रंग एकसारखा चढलाय, कारण शिवशंकरांनी स्वतः उभं राहून केलंय. धुण्याला पाणी नाही म्हणून त्यांची शेड अर्धा वेळ बंद असते. आपले पार्ट त्यांनी दुसऱ्यांच्या मालाबरोबर, त्याच पाण्यात धुऊन घेतले.

आत्ता वरची पानं पुन्हा वाचली. शिवशंकरांचं नाव किती वेळा आलंय ते तुमच्याही लक्षात आलं असेल. आईंच्या तर केव्हाच आलं होतं.

त्या दिवशी कानस खाली ठेवल्यावर आई आणखी एक बोलल्या होत्या. ते मी वर लिहायचं टाळलं. चहा प्यायल्यावर म्हणाल्या, "अन् त्या शिवशंकरचं काय? तुझ्या तोंडात त्याचं नाव लई येतंय." मी म्हटलं, "कामाचं असतं आई." तर म्हणाल्या, "कामाचं तर काकासाहेबाचं बी असतं. त्याचं नाव घेताना तू हसत नाय."

भाऊजी, आता सरळ लिहिते. शिवशंकर आणि मी लग्न करतोय. बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बावीस मे, सकाळी, आपल्याच विहारात. तोपर्यंत तुमची बंगळुरूची स्पर्धा झालेली असेल, तारीख मी बघूनच ठरवली.

ते धनगर, आपण बौद्ध, तेव्हा दोन्हीकडं कुजबुज आहेच. त्यांच्या आई बानाबाई मला बघायला आल्या होत्या. यंदा चारा नाही म्हणून त्यांनी बरीच मेंढरं विकली, त्या दुःखातच होत्या, त्यात हे. त्यांनी विचारलं, "पोरगी मशिनीवर जाती, मंग भाकरी कोण करंल?" मी काही बोलायच्या आत आपल्या आई म्हणाल्या, "तुमचा पोरगा दिवसभर रंगच देतो न्हवं? मंग भाकरीला बी देईल." बानाबाईंनी जरा वेळ तोंड वाकडं ठेवलं, मग त्यांनाच हसू फुटलं. जाताना आईंना गावाकडं यायचं आवतण देऊन गेल्या. त्यांच्या घरात सगळे इतके सरळ नाहीत, ते माझं मी बघेन.

मला दादांची आठवण येत नाही असं नाही. रोज येते. मशीन सुरू करताना येते, ड्रमवर फडकं बघितलं की येते. आणि शिवशंकर मला आवडतात. दोन्ही खरं आहे. माझं वय चौतीस आहे आणि मला पुन्हा घरात कुणाशी तरी भांडावंसं, हसावंसं वाटतं. यात मी काही चूक करतेय असं मला वाटत नाही. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, तुमची. आईंना लग्नानंतर एकटं ठेवणार नाही, आम्ही याच गल्लीत खोली बघितली आहे. त्या माझ्याच राहणार, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, म्हणजे दटावलंच. पण तुम्ही? मी या घरात आले तेव्हा तुम्ही मिसरूड फुटलेले, सगळ्यांशी फणकारणारे होतात, आणि फक्त माझ्या हातच्या चपात्यांना नावं ठेवायचा नाहीत. माझ्या सख्ख्या भावांनी विचारपूस सोडली तेव्हा तुम्ही रोज फोन केलात, आणि चेनचंच बोललात, पण केलात. तो फोन थांबला तर मला सोसणार नाही. हे फोनवर म्हणता आलं नसतं, म्हणून पत्र.

राग आला तर येऊ द्या, पण कळवा. गप्प राहून स्पर्धेला जाऊ नका. लग्नाला आलात तर आईंच्या शेजारी बसा. नाही आलात तरी पार्ट बनतच राहतील, त्याचा आणि याचा संबंध नाही.

नातं आता काय म्हणायचं, हे मी आईंना विचारलं. म्हणाल्या, "त्याला इचार, मला काय इचारती?" तेव्हा विचारते. तुमचं उत्तर आलं की मी आधी पहिली ओळ बघेन, तुम्ही मला कशी हाक मारली आहे ती. बाकीचं मग निवांत वाचेन. तोवर माझ्याकडून तरी मी काही बदलत नाही.

तुमची वहिनी,
संध्या