गारठ्याची टोपी

३ मार्च, मंगळवार
डोकं गोठवून आले! केमोची पहिली सलाईन आज. त्याआधी केस ओले करून डोक्यावर गार टोपी चढवली. नर्स यादरांका म्हणाली, "सुरुवातीला शिव्या द्या, मग काही वाटत नाही." दिल्या. मनापासून. मुळं गारठली की औषध तिथवर फारसं पोचत नाही म्हणे. केस टिकायलाच हवेत — बाबांना याच आजाराने नेलं, आई अजून दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत आहे. तिला कळता कामा नये.

६ मार्च
तोंडाला चव नाही. केस जागेवर.

२१ मार्च, शनिवार
कंगव्यात केस. कंगवा खिडकीपाशी नेला. मग नीट बघितलं — थोडेच आहेत.

२४ मार्च, मंगळवार
दुसरी सलाईन. घरी येते तो दारात आई, सूपचं पातेलं घेऊन. माझं ओलं डोकं बघून पातेलं खालीच ठेवलं तिने. आमच्या नोवी साद शहरात माणूस कशातूनही वाचतो, फक्त गार वाऱ्याच्या झोताने मरतो, अशी तिची पक्की समजूत.
"ओल्या केसांनी बसमधून आलीस? मेंदूत गारठा शिरेल, कार्टे."
"पोहायला गेले होते."
"पोहायला. तू."
लोकरी शाल गुंडाळली, ती काढली तर ड्रायर घेऊन मागे लागली. टोपी चालू असेपर्यंत माझ्या केसांना गरम हवा वर्ज्य! त्रेचाळीस वर्षांची घोडी मी, न्हाणीघरात कडी लावून बसले आणि हसून हसून बेजार झाले. बाहेरून आई ओरडतेय, "आतली खिडकी तरी लाव!"

१२ एप्रिल, ईस्टर
विरळ झालेत, पण आहेत! रिवाजाप्रमाणे रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटली, आईचं फुटलं. म्हणाली, "रुझित्सा, तोंड उतरलंय तुझं, पण केस बघ कसे. पोहणं मानवलं तुला." आणि खळखळून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी इतकी तरबेज थापाडी असेन असं वाटलं नव्हतं. आज मी फार फार खूश आहे.

५ मे, मंगळवार
शेवटची सलाईन संपली! यादरांकाच्या गालाचे मुके घेतले. आता आईला सांगायला हरकत नाही.

९ मे, शनिवार
सांगितलं. आई रडली नाही. माझा हात धरून तिने आपल्या काखेपाशी नेला. गाठ. ईस्टरच्या आधीपासूनची.
"तू इतकी खुशीत होतीस," म्हणाली. "म्हटलं, कशाला सांगू."
सोमवारी तिला घेऊन जातेय.