परतीचं भाडं

प्रिय हाल्वरदादा,

तू दुभती गाय विकून पाठवलेलं बोटीचं भाडं पोचलं. ओला वारला, आता नवऱ्यामागे मी मुलांना घेऊन नॉर्वेला परत यावं, यामागची तुझी माया मला कळते. शेजारची गुनहिल्डही म्हणाली, "जा गं बाई, या नेब्रास्काच्या माळावर तुझं आता कोण उरलंय?"

मी तिकीट काढायलाच शहरात गेले होते. ओलाचं नाव कमी करायला आधी जमिनीच्या कचेरीत शिरले. कारकून म्हणाला, "सरकारची ही जमीन पाच वर्षं कसली की मालकीची होते. आणखी एक पीक काढा, बाई. मग जमीन तुमची."

"म्हणजे माझ्या मुलाची?"

"तुमची. नवरा गेला की बायकोच्या नावावर होते."

दादा, बाबांच्या शेतात मी लग्न होईपर्यंत राबले, पण तिथं माझं नाव कधीच लागणार नव्हतं. मी भाड्याच्या पैशांत बैलजोडी घेतली.

काल नांगर धरला. हात सोलवटले, पण नांगराचं तास मातीत सरळ आलं. पीक निघालं की तुझे पैसे धाडीन आणि त्यांच्यासोबतच हे पत्र. नुसतं पत्र टाकायचा धीर होत नाही. तू आईला मी येतेय म्हणून सांगून बसला असशील, आणि ती माझं अंथरूण उन्हात घालत असेल. तिला काय लिहावं, ते अजून सुचत नाही.

तुझीच,
टोरबोर्ग