आत किती, बाहेर किती

९ जानेवारी

तिसरं! पेपरच्या मसुद्यात माझं नाव तिसरं. पहिलं थोरलीचं, दुसरं सरांच्या कुठल्याशा मित्राचं – ज्यानं आमच्या प्रयोगशाळेचा उंबराही ओलांडलेला नाही. थोरली सहा वर्षं पीएचडी करतेय, म्हणून सगळे तिला थोरली म्हणतात. पण चार महिने मायक्रोस्कोपला डोळे लावून कोण बसलं?

सरांना विचारलं. म्हणाले, "मोजायला काय, यंत्रही मोजतं."

मग यंत्रालाच ठेवायचं होतं.

११ जानेवारी

जेवताना बाबांनी विचारलं, "तू तिथं नेमकं मोजतेस तरी काय?"

सांगितलं. परजीवीच्या अंगावर साखरेचा थर असतो. आपल्या शरीरातली भक्षक पेशी ती साखर चाचपते, ओळखते, त्याला धरते आणि गिळते. आम्ही निम्म्या परजीवींची साखर काढून टाकली, निम्म्यांची ठेवली. साखरवाले शंभर पेशींत तीनशे दहा गिळले गेले. बिनसाखरेचे फक्त पंच्याण्णव.

बाबा दिवसभर वेल्डिंग करून आलेले, डोळे लाल. म्हणाले, "म्हणजे गोडाला भुलून ती पेशी फसते."

आई म्हणाली, "अहो, फसते कुठली? गोड अंगाचा चोर पकडला जातो. लक्ष कुठंय तुमचं?"

एरवी हसले असते. तिसऱ्या नावाचं घरी बोलले नाही. बाबांनी दुकानात सांगून ठेवलंय – पोरगी डॉक्टर होणार, सुया टोचणारी नव्हे, पुस्तकवाली. पीएचडीच्या जागेला पहिलं नाव असलेला एक पेपर लागतो. मुदत मार्चपर्यंत. घरात आजवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, एकदा आत शिरलं की काम बघतात, माणूस नाही. किती खुळी होते.

१४ जानेवारी

विभागप्रमुखांना अर्ज दिला. दीड पान. "माझ्या श्रमांवर दुसऱ्याचं नाव" असं लिहिलं.

१६ जानेवारी

अर्जाची बातमी फुटली. थोरलीनं हात धुता धुता विचारलं, "मोजण्याआधी निळा रंग घातला होतास ना?"

परजीवी हिरवे चमकतात. पेशीला बाहेरून नुसते चिकटलेलेही तसेच चमकतात. निळ्या रंगानं बाहेरच्यांची चमक विझते, उरतात ते आत गेलेले. रंगाची बाटली तेव्हा संपली होती. मी म्हटलं, "तीनदा धुतलं होतं मी. बाहेर काही राहत नाही."

"वहीत तसं लिहिलंयस?"

आता आठवलं हिला! चार महिने हिची झोप उडाली नाही.

२० जानेवारी

प्रयोगाचा एक संच पुन्हा केला, तिचं तोंड बंद करायला. आमच्या लॅबमधल्या मदतनीस काकांना स्लाइडच्या नावांवर चिकटपट्टी लावायला सांगितली, म्हणजे कुठली कशाची ते मला कळणार नाही. काका म्हणाले, "परीक्षा स्वतःचीच घेणारी तू पहिलीच. कॉपी करायची असली तर सांग, मी पाठ फिरवतो."

या वेळी निळा रंग घातला.

२१ जानेवारी

पट्ट्या काढल्या. साखरवाले एकशे अठरा. बिनसाखरेचे ब्याण्णव.

पुन्हा मोजले. एकशे सोळा.

बाहेरचे धुऊन गेलेच नव्हते. जाणार कसे? साखर असली की पेशी त्यांना धरून ठेवते, घट्ट. धरणं वेगळं, गिळणं वेगळं. बिनसाखरेच्यांना धरायला काही नसतं, ते पहिल्याच धुण्यात निघून जातात. म्हणून माझा फरक एवढा मोठा दिसला. चार महिने मी धरलेले आणि गिळलेले एकत्रच मोजले.

थोरलीला काही सांगितलं नाही.

२३ जानेवारी

सरांना आकडे दाखवले. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"पेपर परवाच मासिकाकडे गेला. आणि ऐक, पहिलं नाव तुझं केलंय. आता तरी खूश?"

"पण सर, हे आकडे –"

"एका संचानं काही ठरत नाही. तुझी जागा मार्चमध्ये आहे ना?"

मी "हो" म्हटलं. नुसतं "हो". लाज वाटते लिहायला.

२४ जानेवारी

पहिलं नाव माझं का, ते काकांकडून कळलं. थोरलीनं सरांना सांगितलं, "रंगाशिवाय मोजलेल्या आकड्यांवर माझं नाव नको." स्वतःचं नाव काढून घेतलं. सहा वर्षांनंतर मिळणारा तिचा पहिला पेपर होता तो. माझ्या अर्जाबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती.

आणि मी तिला चोर ठरवलं. दीड पान.

२६ जानेवारी

बाबांनी दुकानात पेढे वाटले. मी सांगितलं नव्हतं. आईनं माझ्या मोबाइलवर मासिकाच्या मेलमध्ये माझं नाव पहिलं पाहिलं आणि सांगून टाकलं.

२७ जानेवारी

मासिकाच्या संपादकांना सकाळी पत्र पाठवलं – आकडे चुकीचे आहेत, चूक माझी आहे, पेपर छापू नये. सोबत नवे आकडे जोडले. दुसरी प्रत सरांना, तिसरी थोरलीला. खाली सही केली. पहिलं नाव माझं आहे, त्यांना वाचावंच लागेल.