निघालोय, जागा सोडू नका

४ ऑगस्ट

आले एकदाची सोलापूरला! गडहिंग्लजहून निघताना अप्पा म्हणत होते, उन्हाचा गाव, पोरगी वाळून परत येईल. स्टँडवर उतरले तर छान वारं सुटलेलं. रिक्षावाला माझ्याशी थेट कन्नडातच बोलायला लागला. मीही कन्नडातच उत्तर दिलं, तेवढ्यावर तो इतका खूश झाला की दोन्ही बॅगा त्यानंच जिन्यावरून वर आणून दिल्या.

खोली जुळे सोलापूर भागात. घरमालकीण बजाबाई, साठीच्या पुढच्या, नवरा एसटीत ड्रायव्हर होता, त्यानं बांधलेलं घर. मूळ वस्ती मंद्रूपच्या पुढं सीना नदीकाठी. मुलगा बिरुदेव आणि सून केराबाई तिथंच मेंढरं राखून असतात. आल्या आल्या बजाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली आणि चौकशी सुरू केली. काम काय करणार? मी सांगितलं की पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, पूर नियंत्रण, सगळ्यांचे वायरलेस वेगवेगळे, एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. ते सगळे एका चॅनेलवर आणायचे, म्हणजे कुणी हाक मारली तर सगळ्यांना एकदम कळेल.

बजाबाई म्हणाल्या, "मंजे समद्यांचं तू एकटीच ऐकणार व्हय? डोकं फुटंल की पोरी!"

खूप हसलो दोघी. आवडलं मला हे घर.

११ ऑगस्ट

कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारी आदिनाथ बसतो. पोलीस वायरलेसमधला, वळसंगचा, चाळिशीचा. आधी माझ्यावर जरा नाराज होता. बाहेरची बाई येऊन आम्हाला बोलायला शिकवणार, असं कुणाला तरी म्हणाला म्हणे. आता बरा आहे. त्याच्या डब्यातली शेंगाची चटणी न विचारता घेता येते, इथवर मजल गेली आहे.

आज सगळ्या खात्यांची बैठक झाली. नुसत्या शब्दांवर सकाळ गेली. पोलीस गाडीत बसल्यावर 'निघालो' म्हणतात. अग्निशमनचे लोक गाडी फाटकाबाहेर पडल्यावर. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चपला शोधत असला तरी 'निघालो'! शेवटी ठरलं, चाक फिरल्याशिवाय कुणी 'निघालो' म्हणायचं नाही, आणि एकानं म्हटलं की त्याच कामाला दुसऱ्यानं उगाच धावायचं नाही. माझी सूचना होती. सगळ्यांनी मानली.

२० ऑगस्ट

चॅनेल सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात फळाला आलं. मोडनिंबजवळ हायवेवर ट्रक उलटला, ड्रायव्हर केबिनमध्ये चेपलेला. पोलीस, पत्रा कापणारी गाडी आणि रुग्णवाहिका एकदमच पोचले. माणूस वाचला. त्याचा भाऊ पेढे घेऊन कंट्रोल रूमवर आला आणि कुणाच्या पाया पडावं हे न कळून दाराच्याच पाया पडला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. रात्री अप्पांना फोन करून सगळं सांगितलं.

२९ ऑगस्ट

आज वाईट झालं. नीट लिहून काढते.

दुपारी एका टॉवेल कारखान्याला आग लागली. वॉचमनचा फोन आला, आदिनाथनं चॅनेलवर सांगितलं, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, "निघालोय. पोचतोय. जागा सोडू नका." आदिनाथ माझ्याकडं बघून म्हणाला, बघा, काय सुधारलेत. आम्ही वॉचमनला तेच कळवलं. त्यानं वर माळ्यावर अडकलेल्या बायकांना ओरडून सांगितलं, गाडी निघालीय, हालू नका. मागचा जिना तेव्हा मोकळा होता. त्या हालल्या नाहीत.

एकही गाडी निघाली नव्हती. अग्निशमनच्या दोन्ही केंद्रांना वाटलं, दुसऱ्याची निघाली.

वॉचमनचा पुन्हा फोन आला तेव्हा तो बोलत नव्हता, नुसता ओरडत होता. मायाक्का नावाची बाई गेली. बाकीच्यांना वाचवलं, पण कसं ते लिहवत नाही.

३ सप्टेंबर

चौकशी झाली. रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. आवाज अग्निशमनच्या एका ड्रायव्हरचा आहे, त्यात शंकाच नाही, जरा बसका आणि शेवटी ओढलेला. पण त्या वेळी तो चार माणसांत बसून चहा पीत होता. चौघंही शपथेवर सांगतात. तो रडायला लागला. "आवाज माझाच हाय, साहेब. पण मी बोललो न्हाय."

साहेब म्हणाले, कुणीतरी चावटपणा करतंय, सायबरवाल्यांना बोलवू. मलाही तसंच वाटतं. तसंच असणार.

८ सप्टेंबर

वळसंगला शेतात साप चावला. ज्ञानबा नावाचे गृहस्थ. रुग्णवाहिकेतल्या सिस्टरचा आवाज चॅनेलवर आला, "पोचलो. पेशंट घेतला." आम्ही ते काम झालं म्हणून मिटवलं.

सिस्टर तेव्हा अक्कलकोट रस्त्यावर वेगळ्याच पेशंटजवळ होती. ज्ञानबा अंगणात बाजेवर पडून होते, घरचे रस्त्याकडं बघत होते. शेजाऱ्याची जीप दारात उभी होती. पण रुग्णवाहिका येतेय म्हटल्यावर कशाला न्यायचं, म्हणून नेलं नाही.

ते आदिनाथचे सख्खे मामा. मामा गेल्याचं त्याला संध्याकाळी घरून कळलं. सेट टेबलावर ठेवून तो तसाच उठून गेला.

१० सप्टेंबर

चॅनेल बंद करा म्हणून साहेबांच्या मागं लागले. पाऊसकाळ संपेपर्यंत जमणार नाही म्हणाले. शेवटी तपासणीपुरतं दुपारी बंद करू दिलं. प्रत्येक खातं आपापल्या जुन्या सेटवर गेलं, पूर्वीसारखं वेगळं. मी पोलिसांच्या सेटशी बसले.

थोड्याच वेळात त्यावर तो आवाज आला. मग अग्निशमनच्या सेटवर. मग रुग्णवाहिकेच्या. तीन ठिकाणी, तिथल्या तिथल्या माणसांच्या आवाजात. कुणाचीच हाक नसताना. निघालोय, जागा सोडू नका.

सायबरची माणसं म्हणतात, बाहेरचा सेट कुठंच नाही, लहरी कुठूनच येत नाहीत. म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता येत नाही.

हे बोलणारा जो कोण आहे, तो आधी कुठल्या तरी एकाच दारात उभा असेल. मी सगळी दारं एकमेकांत उघडून दिली.

१४ सप्टेंबर

आज धीर करून विचारलं. कंट्रोल रूममध्ये आदिनाथ आणि मीच होतो. बटण दाबून म्हणाले, तू कोण, कुठून बोलतोस.

आधी खरखर आली. मग एक बाई बोलली. गडहिंग्लजच्या हेलात, माझ्यासारखंच शेवटचं अक्षर गिळत. "मदत निघाली आहे. जागा सोडू नका."

आदिनाथ माझ्या ओठांकडं बघत होता. ओठ मिटलेले होते. तो खुर्ची मागं सरकवून भिंतीला टेकला आणि "मॅडम, तुमी बोला काहीतरी, बोला की," एवढंच म्हणत राहिला.

१७ सप्टेंबर

आता खरा आवाजही कुणी खरा मानत नाही. आज मोडनिंबला अपघात झाला. पोलिसांनी विचारलं, रुग्णवाहिका खरंच निघाली का. रुग्णवाहिकेनं विचारलं, आधी तुम्ही पोलीसच आहात का ते सांगा. एकमेकांना फोन लावत बसले. फोनवरही तेच. दोन माणसं रस्त्यावर पडून —

साहेब रजेवर गेलेत.

बजाबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं. जेवले नाही. त्यांनी डोक्याला तेल लावून दिलं. काय होतंय पोरी, विचारत होत्या.

१९ सप्टेंबर

वर धरणातून पाणी सोडलंय. सीना वाढतेय. बजाबाई सकाळच्या एसटीनं वस्तीवर गेल्या. बिरुदेव मेंढरं सोडून हालणार नाही, त्याला ओढून आणते म्हणाल्या. जाऊ नका म्हटलं. ऐकलं नाही.

पूरपट्ट्यातल्या वस्त्यांना सेट दिलेले आहेत. आम्हीच दिले, ऑगस्टमध्ये. मी स्वतः शिकवून आले होते, कुठलं बटण दाबायचं ते.

२१ सप्टेंबर

बिरुदेवचा फोन. आई वस्तीच्या शाळेत पोचलीय, मी आणि केरा मेंढरं घेऊन टेकाडावर हाय. "ताई, सकाळी तुमी सेटवर सांगितलं तसं थांबलोय. बोट निघालीया म्हणला न्हवं?"

मी सकाळी त्याच्याशी बोललेच नव्हते.

ओरडले, बिरुदेव, तिथून निघ, अजून पाणी कमी आहे, मेंढरं सोड, निघ. तो गोंधळला. "मगाशी म्हणला थांबा, आता म्हणताय निघा. खरी कोंची?"

मी खरी, म्हटलं.

तो म्हणाला, "ती बी हेच म्हणली की."

फोन गेला. मग लागलाच नाही.

२१, दुपार

बोटींचं कुणाला विचारू? जो उत्तर देईल तो कोण असेल? आदिनाथला म्हटलं, आता सेटवरून कुणाला कळवायचं नाही, आपणच जायचं. त्यानं जीपची किल्ली घेतली. आधी दोघं बोटीवाल्यांकडं गेलो, त्यानं समोरासमोर सांगितलं. ते म्हणाले, त्या वस्तीचं काम झालंय. सुटका झाली असं मॅडमनी मघाशीच कळवलं. मी त्यांच्या समोर उभी होते. मी म्हणाले, मी नाही कळवलं. त्यांनी सेटवरचंच खरं धरलं. मग दुसऱ्या गावाला निघून गेले.

२२ सप्टेंबर

पाहिलं.

बांधावरून टेकाड दिसत होतं. मेंढरांचा पांढरा घोळका, त्यात दोघं उभी. मी कर्ण्यावरून ओरडत होते, पोहत या, झाडाकडं या, दोर टाकतो. आवाज पोचत होता. बिरुदेवनं हात वर केला. हातात सेट होता. तो कानाला लावला, ऐकलं, आणि मला हातानंच थांबा थांबा अशी खूण केली. केराबाई त्याच्या दंडाला धरून होती.

दोघं हालली नाहीत. पाणी कमरेला आलं तरी हालली नाहीत.

मग टेकाड दिसेना.

आदिनाथ खाली बसला होता, तोंड झाकून.

२२, संध्याकाळ

परतीचा रस्ता तुटला. शाळेच्या वरच्या मजल्यावर आहोत. वस्तीतली सगळी माणसं इथं आहेत, बजाबाई पण. मला बघून त्यांनी कवटाळलं. बिरुदेव दिसला का, विचारलं. मी म्हटलं, टेकाड लांब आहे, नीट दिसलं नाही.

सांगवलं नाही. सकाळी सांगेन.

२३ सप्टेंबर

खालचा मजला बुडाला. जिन्याच्या पायऱ्या एकेक —

आदिनाथ टायरच्या ट्यूबवर बसून बोट आणायला गेला. जाताना म्हणाला, सेटवर मी बोललो तरी मानू नका मॅडम, डोळ्यांनी दिसल्याशिवाय मानू नका.

२३, नंतर

शाळेतल्या सेटवर आदिनाथ बोलतोय. बोट आणलीय, जिन्याच्या तोंडाशी लावलीय, एकेक जण खाली उतरा.

मी खिडकीतून बघतेय. बोट नाही. नुसतं पाणी, गढूळ, जिन्यात गोल फिरतंय.

आता जागा सोडा म्हणतोय —

सेट बंद करायला गेले तर माणसं अंगावर आली. तेवढा एकच आधार आहे म्हणतात. त्यात आता मीच बोलतेय. "उतरा, घाबरू नका, मी शिवलीला बोलतेय." मी इथं त्यांच्या तोंडासमोर ओरडतेय, उतरू नका. एक म्हातारा म्हणाला, बाई यडी झालीया, हिला बाजूला घ्या.

दोघं उतरले. वर आले नाहीत. लोक म्हणतात, बघा, बोटीत बसले.

कोपऱ्यात ढकललंय मला. वही कमरेला होती म्हणून —

आता बिरुदेव बोलतोय.

"आये, मी हाय. केरा बी हाय. बोटीत बसलोय. ये की."

बजाबाई उठल्या. मी सांगितलं. सगळं सांगितलं, टेकाड, मेंढरं, त्याचा वर केलेला हात. त्या माझ्याकडं बघतही नाहीत. म्हणतात, खोटं बोलतीस, काल तर म्हणलीस दिसलंच न्हाय. लेकराचा आवाज मला कळंना व्हय?

लुगडं वर खोचलं त्यांनी. पहिल्या पायरीवर —

पदर धरलाय मी. एका हातानं लिहवत नाही, सुटतोय, त्या हाका मारतायत त्याला, आलेच रं बाळा, आणि खालून तो —