डाव्या बीजकोशाबद्दल

सासूबाई आपल्याला दुसरे मूल व्हावे म्हणून नागबळी ठरवायला त्र्यंबकला गेल्या आहेत. त्या परतण्याआधी मी दादाबरोबर दवाखान्यात पुढे जाते. तुम्ही दिंडोरीहून आलात की तडक तिकडे या. तुमच्या सहीशिवाय ऑपरेशन होणार नाही.

उजव्या बीजकोशात गाठ आहे, तो काढावाच लागेल. डावा कसा आहे ते पोट उघडल्यावरच कळेल. तो चांगला निघाला तर एकट्यावरही मूल होऊ शकते. पण त्यातही गाठ असली, तर काढू की ठेवू, हे डॉक्टरीणबाई बाहेर येऊन तुम्हाला विचारतील. मी तेव्हा क्लोरोफॉर्मखाली असेन.

त्यांना ‘काढा’ म्हणा. ठेवला तर गाठ वाढत जाईल आणि माझ्या जिवावर बेतेल.

तोवर सासूबाई तिथे पोचलेल्या असतील. परवा जेवताना म्हणाल्या तेच पुन्हा म्हणतील, “कॉलेजात बेडूक कापलेन्, तेच भोवतंय. दामू, तू तरी वंशाचं दार लावू नकोस.” परवा तुम्ही ताक मागितलेत आणि विषय तिथेच राहिला.

दुसरे मूल मलाही हवे आहे. वैद्यांचे काढे मी घेतले ते केवळ तुमच्या समाधानासाठी नव्हे. पण कुसुमला आई लागणार आहे, आणि ती मीच असावी असे मला वाटते.

कुसुम शेजारी मैनाबाईंकडे आहे. विचारलेन् तर मी कुठे आहे ते खरे सांगा.

डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा सासूबाईंकडे बघू नका.