दोन किल्ल्यांचे कुलूप आणि माझे मत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा कुलपे दुरुस्त करण्याचा आणि किल्ल्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचा मात्र भरवसा नाही, असे डॉक्टर म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

१. राहते घर. खालच्या दोन खोल्या, वरची एक आणि रस्त्याकडची लांब भिंत, हे सर्व मुलगी आणि मुलगा यांना निम्मे निम्मे. भिंतीवर कोणत्याही पक्षाच्या नेत्याचे चित्र रंगवू नये. गेल्या आठवड्यात दोन पक्षांची माणसे फळे घेऊन माझी चौकशी करायला आली. चौकशी माझी आणि डोळा भिंतीवर. फळे मी शेजारणीला देऊन टाकली.

२. दुकान, कानशी, चिमटे आणि किल्ल्या कापण्याचे यंत्र सुनेला. तिचा हात माझ्याइतकाच चांगला आहे. हे तोंडावर सांगितले नाही, कारण ती शेफारली असती. तिच्यावर माझा जो संशय आहे (कलम ३ पाहावे) त्याचा या कलमाशी संबंध जोडू नये.

३. माझ्या पत्नीचे लाकडी कपाट. याविषयी जरा सविस्तर लिहितो. मागच्या निवडणुकीत, पत्नीला जाऊन दोन वर्षे झालेली असताना, मी मतदान केंद्रावर गेलो. तिच्या मृत्यूचा दाखला मी स्वतः कचेरीत देऊन आलो होतो. यादी चाळणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "आजोबा, उशीर केलात. आजी सकाळीच मत देऊन गेल्या की!"

खोटे कशाला लिहू, क्षणभर मला आनंद झाला. बाहेर जाऊन रस्त्यावर ती दिसते का बघावे, असे वाटले. मग भानावर आलो आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन कपाट उघडले. कुलूप फुटलेले नव्हते. तिचे ओळखपत्र जागेवर होते, पण पालथे. मी ते कधीही पालथे ठेवत नाही, कारण त्यावर तिचा फोटो आहे. कपाटाच्या किल्ल्या माझ्याखेरीज दोघांकडेच, मुलाकडे आणि मुलीकडे.

मुलगा म्हणाला, "ताईचंच काम. तिच्या त्या पुढारी बाईंना निवडून आणायला ती काहीही करेल."

मुलगी म्हणाली, "आधी तुझ्या बायकोला विचार. तुमच्या साहेबांना मतं कमी पडत होती ना?"

त्या दिवसापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. आता मला बघायला येतात, तेही एक सकाळी आणि एक संध्याकाळी. माझा संशय दोघांवरही सारखाच आहे, आणि मुलाची किल्ली सुनेच्या हाताशी असते म्हणून तिच्यावरही. बाप म्हणून मी भेदभाव केलेला नाही.

४. नेत्यांविषयी. हे मृत्युपत्रात कशाला, असे डॉक्टरांनी विचारले. मृत्युपत्र माझे आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कोणी नुसती किल्ली आणून "अशीच दुसरी करून द्या" म्हणाला, तर आधी विचारायचे, "कुलूप कुठाय?" घर खरेच त्याचे असेल तर तो दाखवतो. नसेल तर चिडतो. मुलाचे साहेब एवढी वर्षे खुर्चीवर आहेत, आणि कामाचा हिशेब विचारला की चिडतात. मुलीच्या बाई चिडत नाहीत, गोड बोलतात. पण कालपरवापर्यंत त्या साहेबांच्याच मांडीला मांडी लावून बसत होत्या. तिसरा एक तरुण निघाला आहे. त्याच्या सदऱ्यावर डाग नाही, कारण अजून तो कामालाच बसलेला नाही.

मुलगा म्हणतो, "बाबा, घर चालवायला खमका माणूस लागतो." मुलगी म्हणते, "बाबा, दहशतीनं घर चालत नाही." दोघांचेही पटते. हीच तर पंचाईत आहे.

माझे ठरले आहे. कोणाला, ते सांगणार नाही. पत्नीलाही कधी सांगितले नव्हते, आणि तिनेही मला.

५. मतदानाआधी मी मेलो, तर माझे मत माझ्याबरोबर संपले, असे समजावे. ते कोणाला वारसाने मिळत नाही. मुलगी आणि मुलगा यांनी मतदान सुरू होण्यापासून बंद होईपर्यंत केंद्राबाहेर एकाच बाकावर बसावे आणि एकमेकांवर नजर ठेवावी. माझे किंवा आईचे नाव घेऊन कोणी आले, तर दोघांनी उभे राहून सांगावे, "ते आमचे आईवडील होते. दोघंही वारले." हे केल्याशिवाय कलम १ लागू होणार नाही.

६. कपाटाला मी नवे कुलूप बसवले आहे. एकमेकांवर विश्वास नसलेल्या भागीदारांसाठी मी अशी कुलपे बनवत असे. किल्ल्या दोन, आणि दोन्ही एकदम फिरवल्याशिवाय ते उघडत नाही. एक किल्ली मुलीला, एक मुलाला. त्या भागीदारांचे भांडण मिटलेले मी क्वचितच पाहिले. पण रोज सकाळी त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागे. आत तुमच्या आईच्या साड्या आहेत.

७. मतदानाच्या दिवशी मी जिवंत असलो, तर मला केंद्रावर न्यावे. साहेबांची गाडी नको, बाईंचीही नको. स्वयंपाकघरातली हाताची खुर्ची घ्यावी. एका बाजूने मुलीने धरावे, दुसऱ्या बाजूने मुलाने. पाऊल बरोबर पडावे म्हणून वाटेत एकमेकांशी बोलावे लागेल, त्याला माझी हरकत नाही. एकट्याने कोणी मला उचलू नये. माझा एकावरही विश्वास नाही. दोघांवर मिळून आहे.

हे सर्व मी दोनदा वाचले, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर, आपापल्या पेनने सह्या केल्या.

साक्षीदार: डॉक्टर (कोणाला मत देणार ते सांगत नाहीत, म्हणून निवडले).
साक्षीदार: शेजारीण (सगळ्यांना सांगत सुटते, म्हणून निवडली).

सही: कुलूपवाला
स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळची खाट
दिनांक: मतदानाच्या आधीचा रविवार